हिरवं रुजवण

भाद्रपद उतरणीला लागला की रत्नागिरीच्या बंदरात मुंबईची बोट पुन्हा येऊ लागते. पावसाळाभर गप्प असलेला तिचा भोंगा पहिल्यांदा वाजला की आमच्या आळीतली माणसं हातातलं काम थांबवतात, क्षणभर ऐकतात आणि पुन्हा कामाला लागतात. कपडे एका दिवसात वाळू लागतात. गडग्यावरचं शेवाळ काळं पडून सुटतं. सगळ्यांना बरं वाटण्याचे हे दिवस. मला मात्र या दिवसांत कानकोंडं व्हायला होतं. कुणी काही बोललेलं नसतं, कुणी काही पाहिलेलं नसतं, तरी घटस्थापना जवळ आली की माझी मान खाली जाते.

यंदा त्यात माझ्या चिरंजिवांनी भर घातली. मास्तरांनी म्हणे सांगितलंय, घरातली टाकाऊ वस्तू घ्या, तिच्यात बी पेरा आणि उगवलं की शाळेत आणा. झालं. कान तुटलेला कप, शाईची दौत, बिस्किटांचा गंजका डबा अशी सगळी वरात पडवीत मांडली गेली. डब्यात माती भरताना मी नुसती बघत होते. न राहवून म्हटलं, "बुडाला भोक पाड आधी. पाणी साचलं तर बी कुजेल." तो म्हणाला, "तुला कसं ठाऊक? तुझ्या वेळी कुठे होतं हे शाळेत?" शाळेत नव्हतंच. मी आमटी उतू जातेय असं सांगून आत आले. चुलीवर आमटी नव्हती.

टाकाऊ हा शब्द मी लग्न होऊन या गावात आल्यावर शिकले. माझं माहेर रत्नागिरीहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बरंच आत, भाताच्या खाचरांमधलं. तिथे घरातून काही टाकलं जातच नव्हतं. करवंटीची आमटी वाढायची डवली व्हायची, डवली तडकली की चुलीत जायची. रॉकेलच्या डब्याला दांडी ठोकली की तो पाण्याचा. मडक्याला चीर गेली की त्यात कोंबडी बसायची. लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. आम्हा पोरींच्या वाट्याला यायचं ते चुलीनंसुद्धा नाकारलेलं. कंदिलाची फुटकी काच, कौलाचा तुकडा, एखादी वाकडी करवंटी. माझी चुलतबहीण सुली आणि मी त्यात शेती करायचो. कंदिलाची काच मुगाच्या दाण्यावर उभी करून ठेवली की सकाळी ती आतून घामेजलेली असायची आणि आत मूग मान वर काढून उभा असायचा. ते बघायला आम्ही तोंडसुद्धा न धुता धावत जायचो.

माझी आई गुहागरची, नारळी-पोफळीच्या बागांतली. तिच्या माहेरी शेत नव्हतं, तांदूळ विकत यायचा. भाताच्या गावात ती सून म्हणून आली तेव्हा तिला खाचरात धड उभंही राहता येत नव्हतं म्हणे. माझी काकी, म्हणजे आईची थोरली जाऊ, आईच्या तोंडी अक्का, तिला हाक मारायची तीच मुळी 'गुव्हागरकरनी' अशी. त्या हाकेत चेष्टा असायची आणि मायाही असायची, दोन्ही वेगळी करून दाखवणं कठीण. माझे वडील मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि जमलं तर गणपतीला यायचे. घरात चालायचं ते थोरल्या काकांचं, आणि काकांच्या मागे काकीचं.

पण एका गोष्टीत आईचा हात कुणी धरू शकत नसे. पोफळीची झावळी गळून पडते ना, तिच्या बुडाशी चामड्यासारखं रुंद पान असतं. त्याला विरी म्हणतात. गुहागरहून मामा सुपारी पाठवायचा ती विरीत बांधून. आई ती विरी जपून ठेवायची, पाण्यात भिजवायची, मऊ झाली की दोन्ही टोकं दुमडून काथ्यानं शिवायची. अशी सुबक होडी तयार व्हायची. तापलेल्या खिळ्यानं बुडाला भोकं पाडायची, माडाच्या हिराच्या काडीची डोलकाठी लावायची आणि वडिलांच्या जुन्या धोतराचं शीड. मी लहान असताना एका भाद्रपदात तिनं मला अशी होडी करून दिली आणि सुलीला करवंटीच्या कडेनं विरीची झालर शिवून दिली. काकी दळता दळता बघत होती. म्हणाली, "भातात नाय, पर बोटीत तुजा हात बसलाय गो." आई हसली. तिचं तसं मोकळं हसणं मी त्यानंतर फार थोड्या वेळा पाहिलं.

होडीत वारुळाची माती भरली. आता पेरायला भात हवं. पितृपक्ष चालू होता, त्यात पेरू नये म्हणतात, पण खेळाला कसला पक्ष. आम्ही आईच्या मागे लागलो. कणगीतलं भात काढायचं तर काकीला विचारायला हवं, आणि दोन पोरींच्या खेळासाठी विचारायला आईला संकोच वाटला. शिंक्यातल्या लहान मडक्यात तिला एक चिंधीची पुरचुंडी सापडली. आत मूठभर भात होतं. कुणीतरी ठेवून विसरलं असेल असं वाटून तिनं ते आम्हाला दिलं. आम्ही ते रात्रभर भिजवलं, होडीत आणि करवंटीत पेरलं आणि दोन्ही परसात उन्हाला ठेवून दिली.

इथे भाताबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर शहरातल्या माणसाला यात काय झालं ते कळायचं नाही. आमच्याकडे जेवायला उकडा तांदूळ. पावसाआधी सगळं भात टरफलासकट उकडायचं, उन्हात वाळवायचं आणि कणगीत भरायचं, मग लागेल तसं कांडायचं. वाळलं की ते दिसायला कच्च्या भातासारखंच दिसतं. पण ते शिजलेलं असतं, मेलेलं असतं. बियाण्याचं कच्चं भात पेरणीत संपून जातं. शेतात नवं भात पोटरीतून बाहेर आलेलं असतं, पण दसऱ्याआधी त्याला हात लावायचा नाही. म्हणून दरवर्षी घटासाठी मूठभर कच्चं भात बाजूला काढून ठेवतात. ते त्या पुरचुंडीत होतं.

घटस्थापनेच्या सकाळी काकी विटाळशी होऊन बाजूला बसली. दरवर्षी घट बसवायचा मान तिचा. त्या घरात आल्यापासून तिनं तो कधी चुकवला नव्हता. काका आईला म्हणाले, "यंदा तू बसव." पडवीच्या टोकाला बसलेल्या काकीनं तिथूनच सांगितलं, "घटाचं भात शिंक्यातल्या मडक्यात हाय गो. पुरचुंडी हाय बग." आईनं मडक्यात हात घातला. पुढचं मला तिनं माझं लग्न झाल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "पुरचुंडी कुठे गेली ते माझ्या ध्यानात आलं. पण अक्कांना तसं ओरडून कसं सांगू, की देवाचं भात मी पोरींना खेळायला दिलं? काका सोवळ्यात उभे. मला वाटलं, भात ते भात." तिनं कणगीतून मूठभर काढलं आणि पदराआड धरून देवघरात गेली. लाज वाटली म्हणून बोलली नाही, एवढंच झालं. बाकीचं सगळं त्यातून झालं.

आमच्या देवघरात पत्रावळीवर माती पसरत. मधे कलश, कलशाला लागून भात, त्याबाहेर नाचणी, उडीद, कुळीथ आणि कडेनं मूग. भात कलशाजवळ, कारण सगळं घर त्याच्यावर. ते कसं रुजतं त्यावरून पुढचं साल बघतात, आणि मुंबईला गेलेल्या माणसाचं बरंवाईटही त्यातच बघतात. मूग आधी वर आला. मग कुळीथ, उडीद, बारीक नाचणी. सगळं पिवळंधमक, कारण देवघरात काळोख. मधे कलशाभोवती मात्र काळ्या मातीचं कडं तसंच राहिलं. आई दिवसातून किती वेळा वाकून बघायची. पाणी शिंपडायची. जेवायला बसायची आणि भात चिवडून उठायची. आणि परसात आमची होडी हिरवीगार झाली होती. मी तिला "आये, बग तरी" म्हणून ओढत नेलं. तिनं होडीकडे पाहिलं आणि एक रोप उपटून त्याच्या बुडाचा दाणा बघत बसली. तिला तेव्हा कळलं.

काकी न्हाऊन देवघरात आली ती एका दुपारी. काका आणि गडीमाणसं देवीच्या देवळात गेली होती. काकीनं दिवा पुढे सरकवला, मातीतला एक दाणा नखानं उकरला आणि चावून बघितला.

"ह्ये भात कुठनं घेतलंस?"

"कणगीतलं," आई म्हणाली.

"आनि पुरचुंडी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, तरी मला वाटलं की आता सगळे माझ्याकडे बघणार. आई म्हणाली, "पोरींना दिली, अक्का. मला म्हाईत नव्हतं. आमच्याकडे भात कोन बगतो, तांदूळच येतो घरात." आणि तिला रडू फुटलं.

काकी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "रडू नको. रडलीस तर भायेर कळेल. तुज्या घोवाचं नाव काडतील लोकं, ह्या साली त्याला कायतरी व्हनार म्हनून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाये, तुजी होडी आन. सुलीची करवंटीपन आन."

त्या दुपारी देवघरात मी जे पाहिलं ते त्या घरातल्या बायकांच्या अंगवळणी पडलेलं काम होतं. दर पावसाळ्यात खाचरात ओणव्यानं त्या तेच करत. काकीनं होडीतली रोपं मुळाला धक्का न लावता उपसली, आणि कलशाला हात न लागेल अशा बेतानं अंगठ्यानं मातीत खळगा करून दोन-तीन काड्यांचा एकेक चूड लावत गेली. आई रोपं हातात देत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. देवाच्या घटात भाताची लावणी चालली होती. माझी होडी रिकामी झाली, शीड मोडलं, मला रडू येत होतं. पण रडायची सोय नव्हती, कारण त्या दोघींच्या तोंडाकडे बघून माझ्या लक्षात आलं होतं की मोठी माणसंसुद्धा लपूनछपून काहीतरी करतात आणि तेव्हा त्यांची तोंडं आमच्यासारखीच होतात. मला ते बघायचं नव्हतं.

पण काकीसारख्या काकीच्याही एक गोष्ट ध्यानात आली नाही, किंवा आली असेल तर इलाज नव्हता. घटाचं रुजवण पिवळं असतं, तसंच असायचं. आमची रोपं उन्हात वाढलेली, हिरवी. दसऱ्याला काकांनी घट हलवला तेव्हा पिवळ्या रुजवणाच्या मधोमध कलशाभोवती हिरवंगार भात उभं होतं. हिरवं रुजवण वाडीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायका बघायला आल्या, म्हातारे आले. देवी पावली म्हणाले. काकांनी ते खुडून टोपीत खोवलं, थोडं मुंबईला जाणाऱ्या शेजाऱ्याकडे वडिलांसाठी दिलं आणि चार माणसांसमोर म्हणाले, "धाकलीच्या हाताला गुन हाय. फुडल्या सालापासनं घट तिनंच बसवायचा."

आई घाबरून काकीकडे बघायला लागली. काकी दाराशी आपट्याची पानं घेऊन उभी होती. तिनं पानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "व्हय," ती म्हणाली, "तिनंच बसवायचा."

त्या क्षणाला आईची जी लाज सुरू झाली ती आजतागायत संपलेली नाही. नुसतं चुकलं असतं तर ती चार दिवस बोलणी खाऊन मोकळी झाली असती. इथे तिला वाचवणाऱ्या बाईचाच मान तिच्या पदरात पडला होता. काकीनं आईला झाकलं आणि स्वतः रिकाम्या हातानं राहिली, आणि बोलायची सोय दोघींनाही उरली नाही. आई खरं सांगायला गेली असती तर काकी देवाशी लबाडी करणारी ठरली असती. काकी सांगायला गेली असती तर आई.

पुढे दरवर्षी घट आई बसवू लागली. काकी आठवणीनं कच्चं भात बाजूला काढायची, पुरचुंडी आईच्या हातात द्यायची आणि पुढची तयारी बघायला मागच्या दाराला जायची. ती गेली की आई पेरायला बसायची. पेरताना तिचे हात गडबडीनं चालायचे, जणू दुसऱ्याच्या घरात शिरून काही उचलतेय. शिमग्याला वडील आले तेव्हा कौतुकानं म्हणाले, "तुझं रुजवण आमच्या चाळीत सगळ्यांना दाखवलं." आई घागर घेऊन विहिरीवर गेली. घागर भरलेली होती.

मृगाला पेरणीआधी वाडीतल्या बायका बियाण्याची टोपली घेऊन यायच्या. "तेवडा हात लाव गो," म्हणायच्या. आई म्हणायची, "माझ्या हातात काही नाही गो, खरंच नाही." त्याला त्या विनय समजायच्या आणि तिला आणखी मानायच्या. जन्मात इतक्या वेळा खरं बोललेली आणि एकदाही कुणी विश्वास न ठेवलेली दुसरी बाई मला माहीत नाही. माझे कान गरम व्हायचे. पीक बरं आलं की आईचा हात, वाईट आलं की पाऊस. देवाधर्माच्या हिशेबात असंच चालतं, असं मला आता वाटतं, पण तेव्हा नुसतं कुठेतरी लपावंसं वाटायचं.

सुलीला सगळं ठाऊक होतं, तिच्याच करवंटीतली रोपं घटात गेलेली. तिनं बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. पण एकदा सागरगोटे खेळताना मी जिंकले, तेव्हा म्हणाली, "माज्या आयेचा घट तुज्या आयेनं घेतलान." मी सागरगोटे खाली ठेवले. आम्ही त्यानंतरही एकत्र खेळलो, एकाच ताटात जेवलो, पण जिंकायचं मात्र मी टाळू लागले.

आणि काका. हल्ली मला राहून राहून त्यांचंच नवल वाटतं. जन्मभर भाताच्या चिखलात उभा राहिलेला माणूस. पेरलेलं भात विखरून उगवतं आणि लावलेलं चुडाचुडानं उभं राहतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला समजतं. काकांनी स्वतः ते खुडलं. हिरवं कसं, हे त्यांना कळलं नसेल? मला वाटतं, कळलं. बायकोनं जावेला सांभाळून घेतलंय हेही कळलं असेल, आणि आपणही सांभाळून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं असेल. चांगला माणूस होता. पण सांभाळताना त्यांनी जे देऊन टाकलं ते त्यांचं नव्हतं. ज्या बाईचं होतं तिला विचारावंसं त्यांना वाटलं नाही. त्यांना जाऊन आता बरेच दिवस झाले, पण याचा मला अजूनही राग येतो. रागापेक्षाही, त्यांच्या वतीनं मलाच लाज वाटते.

गेल्या वर्षी मी मुलाला घेऊन घटस्थापनेला माहेरी गेले होते. काकी थकली आहे. मोतीबिंदूनं एक डोळा गेला, दुसऱ्यानं उजेड-अंधार कळतो. आईनं पत्रावळीवर माती पसरली, कलश मांडला. मग काय मनात आलं कोण जाणे, काकी मागच्या दाराला निघाली तसा तिनं तिचा हात धरला. घरात मी होते, सुली बाळंतपणाला आलेली होती, मुलं होती. सगळ्यांच्या देखत आई म्हणाली, "अक्का, आज तुमी बसवा. हा घट तुमचाच हाय. मी उगीचच इतकी वर्सं..." तिनं पुरचुंडी पुढे केली.

सुली माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. काकी चाचपत पत्रावळीपाशी बसली. मला वाटलं, आता ती भात हातात घेईल. तिनं घेतलंही, बोटांत धरलं. पण दाणे बोटांतून निसटून मांडीवर सांडले.

"माजा हात ऱ्हायला नाय आता," ती म्हणाली. "तूच घाल."

आई खाली बसली आणि पेरू लागली. काकी दिव्याच्या उजेडाकडे कललेली, मातीवर दाणे पडल्याचा आवाज ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तू दाट टाकतेस गो. लय दाट. रोपाला रोप लागतं, मग ती जोर धरत नायत. पयल्या वर्सापासनं सांगेन म्हनत व्हते."

आईचा हात तिथेच थांबला. मान इतकी खाली गेली की तोंड दिसेना. मग तिनं टाकलेलं भात मातीतून परत वेचायला घेतलं, एकेक दाणा करून, आणि वर न बघता विचारलं, "आता?"

काकीनं हात पुढे करून मातीवरून बोटं फिरवली.

"अजून काड," ती म्हणाली.